‘तेवेल’ म्हणजे संकर नव्हे: लेवीय 18:23 आणि 20:12 विषयीच्या प्रश्नाला उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या घरगुती शास्त्राभ्यासात एका वक्त्यांनी सांगितलं की लेवीय पुस्तकात ‘तेवेल’ असा एक हिब्रू शब्द आहे आणि त्याचा अर्थ मिसळ, संकर. मग ते म्हणाले की स्तोत्रांत ‘जग’ या अर्थी येणारा शब्दही तोच, म्हणजे जग हीच मुळात एक भेसळ. तिथून ते आले तुमच्या मामेबहिणीच्या ठरलेल्या लग्नावर. मुलगा ख्रिस्तीच आहे, पण घराणं मूळचं दुसऱ्या जातीतलं. ‘देवाला मिसळ चालत नाही’ असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि मामी रडत घरी गेल्या. तुम्ही विचारलंत ते तीन प्रश्न असे: शब्दाचा खरा अर्थ काय, ‘जग’ आणि हा शब्द एकच आहेत का, आणि वक्त्यांनी काढलेला निष्कर्ष शास्त्राला धरून आहे का.

मी बायबलची हिब्रू शिकवतो. माझे विद्यार्थी बहुतेक मराठी बोलणारे आणि पुढे पाळक होणारे असतात, त्यामुळे हा शब्द वर्गात येतोच आणि तुम्ही ऐकलात तसा अर्थही कुणीतरी घेऊन येतं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो: नाही, तो निष्कर्ष शास्त्राला धरून नाही. पण वक्त्यांच्या बोलण्यातला एक भाग बरोबर आहे आणि तो बरोबर असल्यामुळेच बाकीचं खरं वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मधला प्रश्न, कारण तो लवकर सुटतो. हिब्रू मुळात व्यंजनांनी लिहितात. तव, बेत, लामेद ही तीन अक्षरं दोन्ही शब्दांत सारखीच आहेत. फरक स्वरांचा आहे. लेवीयमधल्या शब्दात दोन्ही ठिकाणी सेगोल हा ऱ्हस्व ‘ए’ आहे आणि आघात पहिल्या अक्षरावर पडतो. ‘जग’ या शब्दात दोन्ही ठिकाणी त्सेरे म्हणजे दीर्घ ‘ए’ आहे आणि आघात दुसऱ्यावर. आपल्या देवनागरीत ऱ्हस्व ‘ए’ला वेगळं चिन्ह नाही, त्यामुळे दोन्ही ‘तेवेल’ असेच लिहावे लागतात आणि मराठी वाचकाला ते एकच वाटतात. त्यात भर म्हणजे मोबाइलवरच्या बायबल ॲपमध्ये प्रत्येक हिब्रू शब्दाला स्ट्राँगच्या शब्दसूचीचा क्रमांक असतो. लेवीयमधल्या शब्दाचा क्रमांक 8397 आणि ‘जग’चा 8398. एकाखाली एक. बोट जरा घसरलं की दुसराच उघडतो. पण त्याच नोंदी शेवटपर्यंत वाचल्या तर दिसेल की स्ट्राँगनेही दोघांची मुळं वेगळी दिली आहेत: पहिल्याचं ‘बालल’ आणि दुसऱ्याचं ‘याबल’.

अर्थाकडून पाहिलं तरी हे दोन शब्द एकमेकांच्या उलट दिशेला जातात. ‘जग’ या अर्थाचा तेवेल बहुतेक काव्यात येतो. स्तोत्र 24 च्या पहिल्याच ओळीत तो आहे: पृथ्वी परमेश्वराची, तेवेल आणि त्यात राहणारे त्याचेच. स्तोत्र 93 आणि 96 मध्ये तर म्हटलंय की तेवेल घट्ट स्थापलेलं आहे, ते ढळणार नाही. गोंधळ किंवा भेसळ या कल्पनेपासून याहून लांब जाता येणार नाही. ‘जग म्हणजेच भेसळ’ असं ज्याला सांगायचं असेल त्याने आधी या दोन स्तोत्रांचं काय करायचं ते सांगावं.

आता मुख्य शब्द. लेवीयमधला तेवेल अख्ख्या हिब्रू बायबलमध्ये दोनच ठिकाणी आहे. 18:23 मध्ये माणसाने जनावराशी संबंध ठेवण्याची मनाई आहे आणि शेवटी दोन शब्दांचं वाक्य आहे: ‘तेवेल हू’, हे तेवेल होय. 20:12 मध्ये सासरा आणि सून यांच्या संबंधाची शिक्षा सांगितली आहे आणि तिथे ‘तेवेल आसू’ आहे, म्हणजे त्यांनी तेवेल केलं. एवढंच. जो शब्द दोनदाच येतो त्याचा अर्थ ठरवताना फार जपून पावलं टाकावी लागतात. शंभर ठिकाणी येणाऱ्या शब्दाला संदर्भच सांभाळून घेतात, इथे ती सोय नाही. मग तीन गोष्टी बघायच्या: शब्द कसा घडला, जुन्या वाचकांना तो कसा लागला, आणि तो कुठे बसला आहे. माझ्या मते तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी, आणि आपले बहुतेक वक्ते पहिलीवरच थांबतात.

घडण बघू. हिब्रूत मूळ धातूच्या आधी ‘त’ लावून नाम बनवण्याची रीत आहे. स्तोत्र 58 मध्ये गोगलगाय विरघळत जाते असं वर्णन आहे, तिथे ‘तेमेस’ हा शब्द येतो. त्याचा धातू ‘मासस’, वितळणे. तसाच ‘बालल’पासून तेवेल. आणि बालल म्हणजे मिसळणे, हे वक्त्यांनी बरोबर सांगितलं. व्याकरणाची पुस्तकं आणि ब्राऊन-ड्रायव्हर-ब्रिग्जचा 1906 चा कोशही हेच सांगतो.

पण ‘बालल’ हा धातू बायबलमध्ये कुठे कुठे येतो ते पाहा. लेवीयच्या दुसऱ्या अध्यायात अन्नार्पणाचं सपीठ तेलात ‘बेलुला’ असावं म्हटलंय. आपण भातात वरण कालवतो तसं. ते अर्पण परमेश्वराला प्रिय आहे. यशया 30 मध्ये गुराढोरांच्या कालवलेल्या चाऱ्याला ‘बेलील’ म्हटलंय आणि तो तर भरभराटीचा आशीर्वाद म्हणून येतो. उत्पत्ती 11 मध्ये बाबेलच्या बुरुजापाशी भाषा मिसळून टाकल्या, तिथे हाच धातू आहे आणि मिसळणारा स्वतः परमेश्वर आहे. तेव्हा ‘मिसळणं म्हणजे पाप’ हे या धातूत कुठेच नाही. ते बाहेरून आणून त्यात भरलेलं आहे.

एक वचन मात्र तुमच्यासमोर ठेवायलाच हवं, कारण वक्ते उद्या तेच काढतील. होशेय 7:8 मध्ये एफ्राईम, म्हणजे इस्राएल, इतर राष्ट्रांत ‘यितबोलल’, म्हणजे मिसळून गेला अशी तक्रार आहे, आणि त्याला न उलटलेल्या भाकरीची उपमा दिली आहे: एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने कच्ची. इथे मिसळणं नक्कीच वाईट आहे. पण तीन ओळी पुढे वाचा. एफ्राईम भोळ्या कबुतरासारखा एकदा मिसरला हाक मारतो, एकदा अश्शूरकडे धावतो. संदेष्ट्याचा राग परराष्ट्रांच्या आश्रयाला जाण्यावर आहे. लग्नाचा तिथे विषयच नाही.

याच कुळातला आणखी एक शब्द लेवीयमध्येच आहे आणि तो मला वर्गात दाखवायला फार आवडतो. 21:20 मध्ये याजकाच्या अंगी कोणकोणते दोष नसावेत याची यादी आहे. त्यात डोळ्याचा एक दोष येतो, ‘तेवल्लुल’. हाही ‘बालल’चाच. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहाच्या बेखोरोत या प्रकरणात विचारलंय की तेवल्लुल म्हणजे नेमकं काय, आणि उत्तर दिलंय: बुबुळाभोवतीचं कडं तोडून पांढरा भाग काळ्यात शिरला की ते तेवल्लुल. आपला डोळा आरशात पाहा. पांढरं आणि काळं शेजारी शेजारी असतं आणि असायलाच हवं. बिघाड होतो तो मधलं कडं पुसलं गेल्यावर. नैतिक अर्थाचा तेवेल समजून घ्यायला याहून जवळचा दाखला मला सापडलेला नाही, आणि तो त्याच पुस्तकात थोडं पुढे आहे.

जुन्या वाचकांकडे वळलं तर दिसतं की सगळ्यांनाच ‘मिसळ’ ऐकू आलेली नाही. सेप्टुअजिंट या ग्रीक भाषांतरात 18:23 ला ‘किळसवाणं’ अशा अर्थाचा शब्द आहे आणि 20:12 ला ‘त्यांनी अधर्म केला’ असं क्रियापद आहे. जेरोमच्या लॅटिन भाषांतरात दोन्हीकडे ‘स्केलुस’, म्हणजे दुष्कृत्य. 1611 च्या किंग जेम्स भाषांतराने मात्र दोन्हीकडे ‘कन्फ्यूजन’ घेतलं. त्या काळच्या इंग्रजीत त्या शब्दाला उलथापालथ, विध्वंस असा भारदस्त अर्थ होता. आज आपण ‘मी जरा कन्फ्यूज झालोय’ म्हणतो, त्याच्याशी त्याचा संबंध नाही. याच कारणासाठी त्याचं मराठी ‘गोंधळ’ करणं मला पटत नाही. एक तर तो शब्द फार हलका आहे, आणि दुसरं म्हणजे महाराष्ट्रात गोंधळ हा अंबाबाईचा कुळाचार आहे. कुणाच्या पूजेचं नाव आपण या पापाला का द्यावं?

यहुदी परंपरेत फ्रान्समधले भाष्यकार राशी (1040 ते 1105) दोन्ही अर्थ शेजारी शेजारी ठेवतात. 18:23 वर ते आधी व्यभिचार, लैंगिक लांच्छन असा अर्थ देतात आणि मग ‘दुसरा अर्थ’ म्हणून मिसळ देतात: माणसाचं बीज आणि जनावराचं बीज. 20:12 वर आधी ‘लाजिरवाणी गोष्ट’ आणि मग: बापाचं बीज मुलाच्या बीजात मिसळतात. तालमुद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात (नेदारिम 51अ) तर याच शब्दावरून भर लग्नघरात कोडं घातलेलं आहे. रब्बी यहूदा हनासी या मोठ्या गुरूंच्या घरी लग्न असताना त्यांचा शिष्य बार काप्पारा त्यांनाच एकामागून एक अवघड शब्दांचे अर्थ विचारतो. तेवेलची पाळी आल्यावर तो स्वतःच उत्तर देतो: ‘तावलीन येश बाह?’ म्हणजे, त्या जनावरात काही मसाला आहे का, की माणसाने आपलं माणूस सोडून तिकडे जावं? ही शब्दावरची कोटी आहे, व्युत्पत्ती नव्हे. पण तिसऱ्या शतकाच्या सुमारासही या शब्दाचा अर्थ विचारावा लागत होता, हे त्यातून दिसतं.

आपल्याकडेही हा शब्द दरवर्षी ऐकू येतो. लेवीयचा अठरावा अध्याय योम किप्पूरच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, दुपारी सभास्थानात वाचतात. कोकणातले बेने इस्राएल यहुदी या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत आले आहेत. मातृभाषा मराठी आणि उपासनेची भाषा हिब्रू, असा हा समाज. मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं ते त्यांच्यासाठीच. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘हिब्रू आपल्याला काय कळणार’ असं म्हणून वक्त्यावर विश्वास टाकण्याची सवय आपल्याला लागली आहे. मराठीतून हिब्रू शिकण्याची वाट जवळजवळ दोनशे वर्षं जुनी आहे.

आता तिसरी आणि खरी गोष्ट, शब्द कुठे बसला आहे ती.

लेवीय 18 आणि 20 हे अध्याय सलग वाचले तर लक्षात येतं की लेखक प्रत्येक दुष्कृत्याला एकच शिक्का मारत नाही. बाई आणि तिची मुलगी किंवा आई, दोघींशी संबंध ठेवला तर ‘झिम्मा’: त्याच्या धातूत योजना आखणं, मनात बेत करणं आहे. भावाच्या बायकोसाठी 20:21 मध्ये ‘निद्दा’, म्हणजे अशुद्धता, आहे. बहिणीसाठी 20:17 मध्ये तर ‘हेसेद’ आहे. हो, तोच हेसेद, ज्याचं भाषांतर आपण प्रेमदया, वात्सल्य असं करतो. तिथे त्याचा अर्थ लांच्छन. अक्षरं तीच, स्वरही तेच, अर्थ अगदी उलटा. नुसत्या शब्दाच्या रूपावरून सिद्धांत उभा करणाऱ्याला मी नेहमी हे वचन दाखवतो. 20:17 मधल्या हेसेदवरून कुणी देवाच्या दयेबद्दल संदेश दिला तर काय होईल?

मग एवढ्या वेगवेगळ्या शब्दांतून तेवेल नेमका याच दोन ठिकाणी का? जनावराचं समजायला सोपं आहे. 18:23 मध्ये संबंधासाठी जे क्रियापद आहे (धातू ‘रावा’) तेच 19:19 मध्ये गुरांच्या दोन जातींचा संकर करू नका असं सांगताना वापरलं आहे. म्हणजे लेखकाच्या कानात गोठ्यातली भाषा आहे. माणूस जनावराच्या पातळीवर उतरतो, दोघांमधलं अंतर पुसतो. मानवशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी 1966 साली लेवीयच्या शुद्ध-अशुद्धाच्या नियमांवर लिहिताना या शब्दाकडे लक्ष वेधलं आणि मांडलं की इथे पावित्र्य म्हणजे सृष्टीतले प्रकार आपापल्या जागी राहणं. त्यांचं म्हणणं बरंचसं पटण्यासारखं आहे. पण ते वाचून ‘लेवीयला सगळीच सरमिसळ नकोशी आहे’ असं म्हणणारे खूप पुढे जातात. 19:19 मध्ये दोन प्रकारची गुरं, दोन प्रकारचं बियाणं, दोन प्रकारचा धागा यांची मनाई आहे, पण तिथला शब्द ‘किलायिम’ आहे. तेवेल तिथे नाही. संकरित बियाण्याला जवळचा शब्द हवा असेल तर तो किलायिम.

सासरा-सुनेचं कोडं जास्त बोलकं आहे. हे दोघं काही वेगळ्या प्रकारचे प्राणी नाहीत. एकाच घरातली, एकाच कुळातली माणसं आहेत. मग इथे मिसळलं काय? वर्गात मी फळ्यावर वंशावळ काढायला लावतो. वर म्हातारा, खाली त्याचा मुलगा, शेजारी सून. आता समजा त्या संबंधातून मूल झालं. त्या मुलाने म्हाताऱ्याला काय म्हणायचं, बाबा की आजोबा? आईच्या नवऱ्याला काय म्हणायचं, बाबा की दादा? नवऱ्याने त्या मुलाला मांडीवर घेऊन काय म्हणायचं, बाळ की भाऊ? विद्यार्थी रेघा ओढत जातात आणि एका टप्प्यावर खडू थांबतो, कारण एका चौकोनात दोन नाती लिहावी लागतात. राशी ‘बापाचं बीज मुलाच्या बीजात’ म्हणतात ते हेच. पिढी आणि पिढी यांमधलं कडं तुटतं. ज्या घरात तीन पिढ्या एका छपराखाली राहत, जमीन आणि नाव बापाकडून मुलाकडे जात असे, तिथे याने घरच कोसळतं.

उत्पत्ती 38 मध्ये यहूदा आणि तामार यांची गोष्ट आहे, तीही सासरा-सुनेचीच. तिथे तेवेल हा शब्द नाही. उलट आपल्या तिसऱ्या मुलाशी तिचं लग्न लावून न देणाऱ्या यहूदालाच ‘ती माझ्यापेक्षा नीतिमान’ असं म्हणावं लागतं. पण त्यानंतर लेखक एक छोटं वाक्य घालतो: त्याने पुन्हा तिच्याशी संबंध ठेवला नाही. ते कडं त्या गोष्टीलाही ठाऊक आहे.

आता ही दोन्ही वचनं तुमच्या मामेबहिणीच्या लग्नाशेजारी ठेवून पाहा. एक पाप आहे मनुष्यजातीच्या बाहेर जाण्याचं. दुसरं आहे अति जवळच्या नात्यात शिरण्याचं. अठराव्या अध्यायातल्या मनाईंची सुरुवातच 18:6 मध्ये अशी होते की कुणी आपल्या ‘शेएर बसारो’, म्हणजे आपल्या रक्तामांसाच्या माणसाजवळ जाऊ नये. हा अध्याय लोकांना घराबाहेर, नात्याबाहेर लग्न करायला लावतो. जातीबाहेरचं लग्न या दोन टोकांच्या मधे पडतं, जिथे तेवेल पोचतच नाही. मुलगा आणि मुलगी दोन वेगळ्या घरांतली आहेत. त्यांच्या लग्नाने एकही नातं पुसलं जात नाही, उलट सासू, सासरे, दीर, नणंद अशी नवी नाती प्रत्येकाच्या जागेवर उभी राहतात. वंशावळ काढून पाहा, एकाही चौकोनात दोन नाती येणार नाहीत.

वक्त्यांनी ‘संकर’ हा शब्द घेतला तिथेच गाडी रुळावरून घसरली, असं मला वाटतं. मराठी कानाला संकर म्हटलं की वर्णसंकर आठवतो. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन त्याचीच भीती बोलून दाखवतो. ती एक वेगळी परंपरा आहे, तिचा वाद तिच्या जागी होत आला आहे. पण लेवीय लिहिणाऱ्यासमोर वर्ण नव्हते, जाती नव्हत्या. आपल्या समाजातली भीती आपण हिब्रू शब्दात भरायची आणि मग तोच शब्द पुराव्याला काढून दाखवायचा, हे वाचन प्रामाणिक नाही.

एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही, म्हणून लिहितो. बायबलमध्ये परक्या लोकांशी लग्न करण्याविरुद्ध कडक वचनं आहेत. अनुवाद 7 आहे, एज्रा 9 आणि 10 आहेत. एज्रा 9:2 मध्ये ‘पवित्र वंश मिसळला’ अशीच तक्रार आहे आणि तो अध्याय वाचताना आजही अंगावर काटा येतो, कारण पुढच्याच अध्यायात बायका-मुलांना घराबाहेर काढायचं ठरतं. पण तिथला धातू ‘आरव’ आहे, ‘बालल’ नाही. अनुवाद 7:4 मध्ये कारणही स्पष्ट दिलं आहे: त्या तुझ्या मुलाला इतर देवांकडे वळवतील. मुद्दा उपासनेचा आहे. आणि याच बायबलात मवाबी रूथ बोआजशी लग्न करते आणि दाविदाची पणजी होते. मोशेच्या कूशी बायकोवरून मिर्याम कुजबुजते तेव्हा कोड मिर्यामला फुटतं, त्या बायकोला नाही (गणना 12). तुमच्याकडे तर मुलगा ख्रिस्तीच आहे. मग एज्राचं कारणही उरत नाही, उरते फक्त जात.

तुम्ही शेवटी विचारलंत की मराठीत या शब्दाला काय म्हणावं. हे कुठे वापरायचं त्यावर अवलंबून आहे. मंडळीत मोठ्याने वाचायच्या भाषांतरात एकच शब्द दोन्हीकडे बसवायचा असेल तर मी ‘मर्यादाभंग’च्या बाजूने आहे. त्यात कडं तुटल्याचा अर्थ येतो आणि जातीचा वास येत नाही. अभ्यासाच्या टिपेत जागा असते, तिथे 20:12 साठी ‘त्यांनी पिढ्यांची मर्यादा मोडून नात्यांची उलथापालथ केली’ असं लिहावं. ‘नात्यांची गल्लत’ असंही विद्यार्थी सुचवतात. शब्द गोड आहे, पण गल्लत चुकून होते आणि इथे काही चुकून झालेलं नाही. ‘अनाचार’ चालेल, पण त्यात कुठलंही पाप मावतं, आणि या लेखकाने तर प्रत्येक पापाला मुद्दाम वेगळं नाव दिलं आहे.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी. पाळकाचं काम करणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. 20:12 मध्ये दोघांनाही सारखीच शिक्षा सांगितली आहे. पण आजच्या घरात सासऱ्याने सुनेवर हात टाकला असेल तर तिला हे वचन वाचून दाखवायला जाऊ नका. त्या घरात सत्ता कुणाच्या हातात होती, तिला नाही म्हणायची सोय होती का, हे आधी पाहायचं. मर्यादा ज्याने तोडली त्यालाच या शब्दाचा जाब विचारायचा, आणि गुन्हा असेल तर पोलिसांकडे जायचं.

आता वक्त्यांशी कसं बोलायचं. ते वयाने मोठे आहेत आणि तुमच्या कुटुंबाचे जुने स्नेही आहेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सगळ्यांसमोर हिशेब मागू नका. त्यांच्या घरी जा, सोबत मामांना न्या. जाताना शास्त्र न्या आणि लेवीय 18, लेवीय 20, एज्रा 9 आणि गणना 12 या ठिकाणी खुणा करून ठेवा. त्यांना एवढंच विचारा: ‘काका, तेवेल हा शब्द या दोन वचनांखेरीज कुठे आहे ते दाखवा. आणि या दोन्हींपैकी एकात तरी दोन वेगळ्या घराण्यांतल्या मुलामुलीचं लग्न आहे का?’ त्यांनी होशेय काढला तर 7:11 पर्यंत वाचायला सांगा. त्यांनी एज्रा काढला तर मुलगा कोणत्या देवाची उपासना करतो ते विचारा. आणि ते मानले तर पुढच्या रविवारी ज्या लोकांसमोर बोलले त्याच लोकांसमोर, मामी हजर असताना, त्यांनी ते शब्द मागे घ्यावेत, हे मात्र स्पष्ट मागा.